माचू पिचूची उतरण

इंका ट्रेलच्या चौथ्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनलाच विन्याय वायनाच्या तळावर आवराआवर सुरू होते. पुढची चौकी साडेपाचच्या सुमारास उघडते, पण रांगेत आधी नंबर लावायचा असतो. मग इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, आणि तिथून खाली 2,430 मीटरवर पसरलेले माचू पिचूचे दगडी चौथरे. फोटो निघतात, गळाभेटी होतात, कुणाचे डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशी कुस्कोच्या हॉटेलात हीच मंडळी कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी होत जिना उतरत असतात.

पेरूतल्या या चार दिवसांच्या वाटेची तयारी करणारे बहुतेक जण चढाचीच काळजी करतात. ती चुकीची नाही. सुमारे 42 किलोमीटरच्या या वाटेवरची सर्वांत उंच खिंड, वार्मीवान्युस्का, 4,215 मीटरवर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के ऑक्सिजन मिळतो. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे सह्याद्रीत कितीही गड पालथे घातले असले, तरी विरळ हवेचा सराव होत नाही. त्यात समुद्रकाठच्या लिमाहून विमान दीड तासात थेट 3,400 मीटरवरच्या कुस्कोला उतरवतं, त्यामुळे डोकेदुखी, मळमळ, झोपमोड तिथेच सुरू होते. ट्रेलआधीच्या दोन-तीन रात्री त्या भागात काढाव्यात. शक्य असेल तर पहिला मुक्काम थोड्या खालच्या ओयांतायताम्बोला करावा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास तसं आधी सांगून घ्यावी.

ग्रुपमध्ये एक जण हमखास असा असतो, जो आपल्यामुळे इतरांना उशीर नको म्हणून डोकं दुखत असल्याचं लपवतो. लीडरने रोज रात्री जेवताना प्रत्येकाला नाव घेऊन विचारावं. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला सोबत देऊन खाली न्यायचं. खाली न्यायचा हा नियम मुक्कामावर नको, निघण्याआधीच ठरावा.

आता उतार. खिंडीनंतर पाकायमायोच्या तळापर्यंत सुमारे 600 मीटर उतरायचं असतं, आणि तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्काहून विन्याय वायनापर्यंत सुमारे 1,000 मीटर. तेही दगडी पायऱ्यांनी, ज्यांची उंची एकसारखी नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन पेलतो, ब्रेक लावतो. या प्रकारच्या श्रमात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं लगेच नव्हे, 24 ते 72 तासांत टिपेला पोहोचतं. म्हणून माचू पिचूत हसरे चेहरे दिसतात आणि कण्हणं परतीच्या प्रवासात ऐकू येतं.

यावर उपाय स्वस्त आहे. उताराचा सराव केलेल्या स्नायूला पुढच्या खेपेला बरीच कमी इजा होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. पण पुण्यात अनेक जण सिंहगड चढतात आणि खाली मात्र जीपने येतात. पेरूला निघण्याआधीच्या महिन्यात ती जीप सोडावी. सोबत दोन काठ्या घ्याव्यात, टोकांना रबराची टोपणं लावून. धातूची टोकं इंकांच्या दगडांवर चालत नाहीत. पायाची नखं आखूड कापावीत, नाहीतर उतरताना अंगठा बुटाला धडकून नख काळं पडतं. हमाल वीस किलोंचं ओझं घेऊन, कधी साध्या सँडलवर, बाजूने धावत उतरतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नये.

ट्रेल संपल्यावर दोन दिवस सपाटीवर हळूहळू चालणं हा अंगदुखीवरचा चांगला उपचार. नुसत्या ताणण्याच्या व्यायामाने फारसा फरक पडत नाही. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल बरी. पुरेसं पाणी न पिता आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा मारा केला तर मूत्रपिंडाला धोका पोहोचतो. लघवी कोका-कोलाच्या रंगाची झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर मात्र ती साधी अंगदुखी नव्हे. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असू शकतं. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. गुडघा सुजला, अडकला किंवा वजन पेलेनासा झाला, तर तोही दाखवावा.

लिमाहून मुंबईपर्यंतचा प्रवास विमानं बदलत चोवीस तासांच्या वर जातो. दुखऱ्या पायांमुळे माणूस जागचा उठत नाही आणि पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दर तासा-दोन तासांनी उठून चालावं. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील तर ती उताराची देणगी. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर डॉक्टर हवा. त्यासोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर विलंब नकोच.

राहिली कागदपत्रं. नुसत्या कुस्को-माचू पिचूच्या फेरीत पीतज्वराचा धोका जवळपास नसतो, तरी पेरू भारताच्या पीतज्वर यादीत आहे. त्यामुळे तिथून परतणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. साठीपुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी सल्ला घ्यावा. कुस्कोत सगळीकडे मिळणारा कोकाच्या पानांचा चहा तिथेच पिऊन यावा. त्याने लघवीच्या तपासणीत कोकेन दिसू शकतं, आणि ती पानं सामानात आढळली तर भारतात अंमली पदार्थांचा कायदा लागू होतो.