सरपणाचा हिशेब

पर्यावरणविषयक धोरणाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा कारखान्यांची धुरांडी येतात. परंतु या धोरणाची कसोटी गरिबाच्या चुलीपाशीही लागते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सरपण फुकट मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. अर्थशास्त्र तो मान्य करीत नाही. एका गोष्टीसाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, तिला 'संधी खर्च' म्हणतात. मोळीसाठी रानात गेलेल्या बाईची मजुरी बुडते, मुलीची शाळा बुडते. धुरामुळे बालकांना न्यूमोनिया व स्त्रियांना फुप्फुसांचे जुनाट विकार जडतात. हा खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही. म्हणूनच सरपण स्वस्त भासते.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. प्रत्येक जोडणीमागे शासनाने १,६०० रुपयांचे साहाय्य दिले. सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या पूर्ण झाल्या. हे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. मात्र त्याच वर्षी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून असे दिसून आले की, लाभार्थी कुटुंबे वर्षाकाठी सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर घेत होती.

असे का व्हावे? शेगडी व पहिल्या सिलिंडरसाठी ज्यांनी कर्ज घेतले, त्यांचे अनुदान सुरुवातीच्या काळात त्या कर्जापोटी वळते करून घेतले जाई. पुढे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागले. परंतु पूर्ण किंमत आधी मोजावी लागते आणि अनुदान मागाहून बँकेत जमा होते. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम हाती नसते. मग चूल पुन्हा पेटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला. वीज विपुल हवी आणि स्वस्तही हवी, असा त्यांचा आग्रह होता. स्वयंपाकाच्या इंधनालाही हाच नियम लागू पडतो.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. आपल्या वस्तीत जोडण्या किती, एवढेच विचारून थांबू नये. गेल्या वर्षी प्रत्येक घराने किती सिलिंडर घेतले, हेही विचारावे. पाच किलोचे लहान सिलिंडरही मिळते, ही माहिती घरोघरी द्यावी. मोळीमागे जाणारी एखादी मुलगी त्यामुळे शाळेत वेळेवर पोहोचेल.