व्हिडिओ गेमसाठी लेखन : नोकरी मागण्याआधी नमुना तयार करा

व्हिडिओ गेम म्हटला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. मुलाचा वेळ वाया जाऊ नये ही त्यांची तळमळ रास्तच आहे. मात्र गेम खेळत बसणे वेगळे आणि गेम तयार करून मोबदला मिळवणे वेगळे. या उद्योगात चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्याप्रमाणे लेखकालाही काम मिळते. ज्यांना गोष्ट रचता येते, चुरचुरीत संवाद लिहिता येतात, अशा तरुण-तरुणींसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

कामाचे स्वरूप

कादंबरीकार एक कथा लिहितो. गेमच्या लेखकाला मात्र खेळणारा जे जे करील त्या प्रत्येकाचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. इंग्लंडच्या इंकल या छोट्या कंपनीने २०१४ साली ज्यूल व्हर्नच्या जगप्रवासाच्या कादंबरीवर '८० डेज' हा गेम काढला. त्याचे बहुतांश लेखन मेग जयंत यांनी केले. शब्दसंख्या सुमारे पाच लाख! एका वेळी खेळणाऱ्याला त्यातला थोडासाच भाग दिसतो.

आता एक साधे उदाहरण घेऊ. खेळणारा किराणा दुकानदार आहे. एक गिऱ्हाईक उधारी मागते. द्यायची की नाही? प्रत्येक प्रश्नाला दोन वाटा आणि प्रत्येक वाटेवर पुन्हा दोन, असे करत गेलो तर दहाव्या प्रश्नानंतर १०२४ शेवट लिहावे लागतील. ते कोणालाच परवडणार नाही. म्हणून जाणता लेखक वाटा पुन्हा एकत्र आणतो, पण 'उधारी दिली होती' ही नोंद जपून ठेवतो. पुढे दुकानाला आग लागते तेव्हा तेच गिऱ्हाईक पाण्याची बादली घेऊन धावत येते किंवा दारातून नुसते पाहत राहते. प्रसंग एकच, पण खेळणाऱ्याला आपल्या निर्णयाचे फळ मिळाले असे वाटते. या कामातले खरे कसब हेच आहे.

शिकायचे कसे?

यासाठी मोठी फी भरण्याची गरज नाही. ट्वाइन हे साधन क्रिस क्लिमस यांनी २००९ साली तयार केले. ते मोफत आहे, त्यात मराठीतही लिहिता येते आणि प्रोग्रामिंग न येणारा माणूसही काही दिवसांत त्यावर हात बसवू शकतो. इंकल कंपनीने आपली 'इंक' ही लेखनप्रणालीही २०१६ साली सर्वांसाठी खुली केली.

आमचा सल्ला असा की, अर्ज करण्यापूर्वी तीन नमुने तयार ठेवावेत :

१. पंधरा मिनिटांत खेळून संपेल अशी एक पूर्ण गोष्ट. अर्धवट महाकाव्यापेक्षा पूर्ण झालेली छोटी गोष्ट अधिक मोलाची.
२. एकाच प्रसंगाची वीस छोटी वाक्ये. उदाहरणार्थ, चोर दिसल्यावर पहारेकरी काय ओरडेल? खेळणारा ती वारंवार ऐकणार आहे, तेव्हा कंटाळा येता कामा नये.
३. एका पात्राची एका पानात ओळख.

पहिली गोष्ट इच डॉट आयओ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवता येते. परदेशी कंपनीला दाखवायचे नमुने इंग्रजीत असावेत.

काम कोठे मिळते?

२००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' हा उपक्रम होत आला आहे. त्यात अनोळखी माणसे एकत्र येऊन थोड्या दिवसांत छोटा गेम तयार करतात. अशा ठिकाणी चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्याशी ओळखी होतात व पुढची कामे बहुधा ओळखीतूनच येतात. हे काम आपल्या राज्यातही होऊ शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला 'राजी' हा गेम २०२० साली जगभर विक्रीला आला.

करार लेखी हवा

नवखा लेखक येथेच फसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. सुट्या कामावर लिहिणाऱ्याचा हक्क मात्र त्याच्याकडेच राहतो आणि तो लेखी दस्तऐवजाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून मोबदला किती, हप्ते केव्हा, दुरुस्त्या किती वेळा आणि गेममध्ये नाव येणार की नाही, हे आधी लिहून घ्यावे. परदेशी करारात कोणत्या देशाचा कायदा लागू आहे तेही पाहावे. 'सध्या फुकट लिहा, पुढे बघू' असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

सावधगिरीचा इशारा

केवळ लेखनाच्या जागा थोड्या असतात आणि त्याही कायमच्या नसतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील सुमारे १,९०० लोकांना कमी केले. त्यात अनुभवी माणसेही होती. म्हणून हातची नोकरी वा घरचे दुकान सोडून या क्षेत्रात उडी घेऊ नये. रोज रात्री एक तास काढावा. भाषांतर, गेमची चाचणी ही जोडकामेही शिकून घ्यावीत.

वडीलधाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसलेली दिसली तर रागावण्यापूर्वी विचारा, "खेळतोस की लिहितोस?" उत्तर 'लिहितोय' असे आले, तर काय लिहिले ते दाखवायला सांगा. दाखवण्यासारखे काही असेल, तर धंद्याची सुरुवात झाली असे समजायला हरकत नाही.