मॅस्टोडॉनवर खासगीपणा मिळेल का?

प्रश्न : मोठ्या कंपन्यांची समाजमाध्यमे सोडून मॅस्टोडॉनवर जायचे म्हणतो. तिथे माझी माहिती सुरक्षित राहील का?
– एक वाचक, टेंभुर्णी (ता. जाफराबाद, जि. जालना)

उत्तर : जाहिरातींसाठी होणारी पाळत टळेल, हा फायदा खरा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचे अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक भारतीय तिकडे वळले. एकाच कंपनीच्या मर्जीवर राहणे त्यांना नको होते.

पण विकेंद्रित म्हणजे गुप्त नव्हे. तिथल्या खासगी संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसते. सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. तुम्ही पुसलेली पोस्टही दुसऱ्या सर्व्हरवर उरू शकते.

म्हणून सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, नियम काय आहेत आणि खर्च कसा भागतो, हे आधी पाहा. टोपणनाव घ्या, वेगळा ईमेल द्या, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. आधार, बँक पासबुक, मुलांचे फोटो कुठेच टाकू नका. खासगी बोलण्यासाठी सिग्नल ॲप वापरा. जुने खाते बंद करण्याआधी त्यातली माहिती उतरवून घ्या.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. हा हक्क रोज जपायची सवय मात्र आपणच लावून घ्यायला हवी.