नोकरी सांभाळून लष्करी बँडमध्ये

प्रश्न : मुलगा लंडनमध्ये जन्मला, तिथेच नोकरी करतो आणि क्लॅरिनेट वाजवतो. ब्रिटिश लष्कराच्या राखीव दलातल्या बँडमध्ये अर्धवेळ जावं का?

उत्तर : जरूर. तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ सराव, काही शनिवार-रविवार कार्यक्रम, वर्षातून एक शिबिर, आणि हजेरीच्या दिवसांचा पगार. पण तो सैनिक म्हणून भरती होणार. वैद्यकीय तपासणी, धावणं, प्राथमिक प्रशिक्षण चुकत नाही.

खरी कसोटी ऑडिशनची. तयार केलेली रचना बहुतेक जण छान वाजवतात, अडखळतात ते न पाहिलेलं नोटेशन समोर आल्यावर. आपल्या घरांत ऐकून शिकण्याची सवय मोठी, म्हणून त्याने रोज एक अनोळखी पान वाजवावं. पाय तालात ठेवून चालत वाजवण्याचा सरावही आतापासूनच हवा. श्वास तिथेच तुटतो.

एक गोष्ट मात्र अर्जाआधी तपासा. परदेशी लष्करातल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना भारत सरकार ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं) देत नाही. त्याच्याकडे कार्ड असेल किंवा पुढे हवं असेल, तर भारतीय उच्चायुक्तालयाकडून लेखी उत्तर घ्या. आजोळी व्हिसाशिवाय येणं-जाणं त्यावर अवलंबून आहे.