घण आणि घन

पूर्वी बहुतेक गावांत एक लोहारसाळ असे. भाता फुलू लागला की कोळसे लाल होत आणि त्यांत खुपसलेला नांगराचा फाळ आधी तांबूस व मग नारिंगी दिसू लागे. लोहार तो सांडशीत धरून ऐरणीवर आणी. त्याच्या उजव्या हातात लहानशी हातोडी असे. समोर उभ्या असलेल्या साथीदारापाशी दोन्ही हातांनी पेलावा लागणारा घण असे. दोघे बोलत नसत. लोहार फाळावर हातोडीने हलकेच एक ठोका देई आणि नेमक्या त्याच जागी घण कोसळे. पुन्हा हातोडी, पुन्हा घण. हे सारे लोखंड निवण्यापूर्वी उरकावे लागे. घण दोन बोटे जरी इकडेतिकडे पडला तरी फाळ वाकडा होई आणि शेतकऱ्याचे काम अडे. घिसाडी लोक आपले बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडत, तेव्हा हा घण पुष्कळदा घरची स्त्रीच चालवीत असे. बळ घणाचे खरे. पण घाव कोठे पडावा, हे सांगे ती हातोडी.

ठोकण्याच्या साधनांना मराठीत एकच एक नाव नाही. लोखंडाचा मोठा तो घण, मध्यम तो हातोडा, लहान ती हातोडी. 'हातोडा' या शब्दात 'हात' स्पष्ट दिसतो. हातोड्याचे लहान रूप दाखवताना मराठी भाषा शब्दाचे लिंग बदलते. सुरा-सुरी, डबा-डबी, दोर-दोरी या जोड्याही अशाच आहेत. लाकडाची असेल तर ती मोगरी. मातीची जमीन ठोकून सारखी करावयाची असेल तर चोपणे. खोडकर मुलाला मिळणारा 'चोप' त्याचाच सोयरा. मोगरीचे कूळ तर फारच मोठे. संस्कृत 'मुद्गर' म्हणजे लाकडी सोटा अथवा हातोडा. तालमीत मल्ल जो मुद्गल फिरवतात, तो हाच. संस्कृतात याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे जाईच्या जातीचे एक फूल. आपला 'मोगरा' तेथून आला. त्याची टपोरी कळी पाहिली म्हणजे हे नाव कोणाला कसे सुचले असेल, हे ध्यानात येते.

परंतु या सर्वांत विचार करण्याजोगा शब्द आहे तो 'घण'. तो संस्कृत 'घन' शब्दापासून झाला आणि 'घन' हा 'हन्' म्हणजे मारणे, ठोकणे या धातूपासून. 'घात', 'आघात' हे शब्दही त्याच धातूचे. 'शत्रुघ्न' म्हणजे शत्रूला मारणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेला उपकार मारून टाकणारा. या शब्दात केवढी चीड भरलेली आहे, हे धातू कळल्यावाचून समजत नाही.

संस्कृतात 'घन' या एकाच शब्दाचे पुष्कळ अर्थ आहेत: ठोकणारा, लोखंडी सोटा, आणि त्याबरोबरच घट्ट, दाट, भरीव. हे अर्थ एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. पण लोहाराचे काम डोळ्यांपुढे आणले तर ते जवळ येतात. जुन्या काळी भट्टीतून निघणारे लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र असे. घणाने ठोकून ठोकून त्यातील मळी बाहेर काढीत, तेव्हा ते भरीव होई. घणाने जे घडते ते घन, असे मनात धरले तर पुढची वाट सोपी आहे. दाट रान ते घनदाट रान. पाणी द्रव, पण बर्फ घन. आकाशात दाटून येणारा ढग तोही घन. गणितात ३ चा घन २७, आणि पेटीत किती माल मावेल ते तिचे घनफळ. टाळ, झांज व घंटा यांना घनवाद्ये म्हणतात. तेथे तार नाही, कातडे नाही, भरीव धातूच स्वतः निनादतो. मराठीने यांतील हत्याराला तेवढा 'ण' दिला आणि बाकी सर्व ठिकाणी 'न' तसाच ठेवला. म्हणून 'घणाचे घाव' लिहिताना 'घनाचे घाव' असे लिहिले, तर बिचारा ढगच घाव घालू लागतो!

लोहाराच्या साळेतील भाषा आता वर्तमानपत्रांत व सभांत ऐकू येते. एखादा प्रश्न 'ऐरणीवर येतो', म्हणजे त्याचा निकाल लावण्याची वेळ येते. येथे पुष्कळांची चूक होते. रेंगाळत पडलेल्या प्रश्नालाही ते ऐरणीवरचा म्हणतात. ऐरणीवर तापलेले लोखंड येते, आणि ते थांबत नाही. 'घणाघाती' हे विशेषणही असेच स्वस्त झाले आहे. घण सावकाश वर जातो आणि नेमक्या जागी एकदाच पडतो. केवळ मोठ्याने केलेल्या भाषणाला ते शोभत नाही. अतिक्रमणे आजकाल यंत्रांनी पाडतात, तरी मथळ्यात त्यांच्यावर 'हातोडा' पडतो. उलट, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, या म्हणीत हातोड्याचे नावही नाही. पाथरवटाच्या टाकीत स्वतःचे बळ कोठले? घाव हातोडा घालतो, नाव मात्र टाकीचे होते.

प्रत्येक हातोडा तोडफोड करतो असे नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांबे तापवले की मऊ पडते, आणि ठोकले की कठीण होते. म्हणून घडवलेल्या भांड्यावर तांबट गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून बारीक ठोके देतो. याला मठारणे म्हणतात. तांब्याच्या बंबावर चमकणाऱ्या चांदण्या शोभेच्या वाटतात, पण भांड्याची मजबुती त्यांतच असते. एक ठोका चुकला तर तो कायम दिसत राहतो. उन्हाळ्यात झाडावर बसून 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा आवाज करणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही लोकांनी 'तांबट' हेच नाव दिले. आवाजावरून ठेवलेले इतके चपखल नाव क्वचितच आढळेल.

आपल्या कानातही एक लोहारसाळच आहे. पडद्याच्या आत तीन इवलीशी हाडे असतात. त्यांची नावे हातोडी, ऐरण आणि रिकीब. आवाजाने पडदा थरथरला की त्याला चिकटलेली हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते आणि ऐरण रिकिबीला. रिकीब सुमारे ३ मिलिमीटर लांबीची, शरीरातील सर्वांत लहान हाड होय.

हातोडाफेकीच्या खेळात मात्र हातोडा शोधून सापडत नाही. तारेच्या टोकाला धातूचा गोळा असतो, पुरुषांसाठी ७.२६ किलोग्रॅमचा, स्त्रियांसाठी ४ किलोग्रॅमचा. पूर्वी इंग्लंड-स्कॉटलंडकडे खरोखरच लोहाराचा हातोडा फेकीत. वस्तू बदलली, नाव राहिले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुरुषांसाठी १९०० साली आला आणि स्त्रियांसाठी २००० साली. बंदुकीच्या बाबतीत याच्या उलट झाले. तिच्या ज्या भागाला इंग्रज हातोडा म्हणतात, तो वस्तुतः ठोकण्याचेच काम करतो. पण आपल्याकडच्या शिपायांनी त्याचे नाव ठेवले घोडा.

स्वाध्याय

१. लोहार न बोलता साथीदाराला कसे सांगत असे?
२. 'घन' शब्दाचे निरनिराळे अर्थ स्पष्ट करणारी चार वाक्ये लिहा.
३. वर्तमानपत्रांतून 'ऐरणीवर' हा शब्द असलेली दोन वाक्ये शोधा. तो तेथे योग्य वापरला आहे का, ते कारणासह सांगा.
४. तुमच्या गावातील सुतार, सोनार किंवा गवंडी यांना भेटून त्यांच्या ठोकण्याच्या साधनांची नावे विचारून लिहून आणा.