वारासिवनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी : दारू सोडणाऱ्यांच्या सभा

1 नोव्हेंबर 1956 रोजी प्रांतांची फेररचना होऊन नागपूरशी असलेला आमचा राजधानीचा संबंध सुटला, तरी सोयरिकी आणि दवाखाने यांसाठी वारासिवनीची मराठी मंडळी आजही गोंदिया-नागपूरकडेच पाहतात. बदलीवर, बँकेत किंवा बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत रुजू होऊन इकडे बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी घरभाडे, शाळाप्रवेश, शिधापत्रिका यांवरील प्रकरणे जमवत असताना, ज्या विषयावर चारचौघांत बोलण्याचा येथे शिरस्ता नाही तो मद्यपाशाचा विषयही त्यांत असावा, असा आग्रह काही घरांनी धरला. मजकूर ज्याचा त्याने लिहिला आहे. मतेही ज्याची त्याचीच आहेत.

एक निवृत्त महसूल कर्मचारी लिहितात :

आधी डॉक्टर, मग सभा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून बालाघाटचे जिल्हा रुग्णालय गाठावे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही मदतवाहिनी आहे, तेथे जवळच्या केंद्राचा पत्ता विचारावा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे बोलण्यातले ‘ए.ए.’, 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन येथे सुरू झाले. त्यांची सभा जवळपास कोठे भरते याची चौकशी करावी. गावात सोय नसल्यास गोंदिया, नागपूर येथे विचारावे. फोनवरून जोडून घेण्याच्या सभाही असतात. सभा खुली की बंद, हे आधी विचारावे. खुलीस नातेवाईक येऊ शकतात. बंद सभा केवळ ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. फी नाही, अर्ज नाही, दाखला नाही. अखेरीस डबा फिरतो, त्यात सभासद यथाशक्ति टाकतात. नवख्याने न टाकल्यास कोणी विचारत नाही. बाहेरची देणगी ते घेतच नाहीत. आडनाव सांगू नये, सांगितले तर ते बाहेर जात नाही. बोलायचे नसल्यास ऐकत बसावे. भाषा बहुधा हिंदी असेल. मराठीत बोलल्याने अडत नाही. पहिल्या सभेत मन रमले नाही, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे.

खासगी नोकरीतील एक गृहस्थ लिहितात :

वरील गृहस्थांनी ‘रुग्णालय गाठावे’ हे दोन शब्दांत आटोपले. ते गाठल्यावर काय होते ते मला विचारा. माझ्या थोरल्या भावास दाखल करून घेण्यासाठी ज्या कार्यालयात आम्ही गेलो (ते कोणते, हे लिहीत नाही), तेथे आधार कार्डावर पत्ता भंडारा जिल्ह्याचा, शिधापत्रिकेवर नाव ‘मारोतराव’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘मारोती’ असल्यामुळे, हा इसम तोच कशावरून, असा प्रश्न निघाला. त्यावर प्रतिज्ञापत्र आणा, प्रतिज्ञापत्रास मुद्रांक आणा, मुद्रांक आणेपर्यंत साहेब जेवायला, जेवून आले तो खिडकी बंद, असा तो क्रम चालला असता, बाकावर बसलेल्या दादाचे हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला त्याच्या ओठांपर्यंत मला धरावा लागला. कारकुनाने तेही पाहिले, आणि ‘पीते क्यों हैं?’ असे विचारून पुन्हा फाइलीत मान घातली! नव्याने येणाऱ्यांनी तिन्ही कागदांवरील नावे एकसारखी करूनच यावे. दाखल होणे लांबले, तरी सभेस कागद लागत नाही. दादाला पुढे सांभाळले ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि गोंदियाच्या एका खोलीने, जेथे भिंतीवर ए.ए.च्या बारा पायऱ्यांचा तक्ता होता आणि कोपऱ्यातल्या थर्मासमधला चहा संपेपर्यंत कोणी कोणास उपदेश केला नाही.

एक निवृत्त शिक्षक लिहितात :

मूळ व्याधी संस्कारलोपाची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जे व्यसनमुक्तीचे शिक्षण दिले, ते ज्या घरात मुलांच्या कानी पडते, सामुदायिक प्रार्थनेस ज्या घरातील मंडळी एकत्र बसतात, त्या घरात बाटली शिरत नाही. परप्रांतात राहून आपण मराठी वाचन सोडले, भजन सोडले, आणि मोहाच्या दारूस पाहुणचार समजू लागलो.

(गुरुजींचा मजकूर जसाच्या तसा दिला आहे, पण रोज प्रार्थनेस बसणाऱ्या घरांतही हा रोग आम्ही पाहिला आहे, तेव्हा प्रार्थना जरूर करावी आणि सभेसही जावे. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राच्या कामात पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा आणि डॉ. अनिता अवचट यांच्या परिश्रमाचा वाटा होता. त्या कामाची भूमिका प्रथमपासून हीच की व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण होय.)

एक गृहिणी लिहितात :

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळ्या सभा असतात, अल्-अनॉन म्हणतात, 1951 पासूनच्या. मी फोनवरून जाते. तेथे नवऱ्याला सुधारण्याची युक्ती कोणी सांगत नाही, आपण कसे राहावे एवढेच बोलतात. होळीच्या करीला मेहुणे घरी येऊन ‘जावईबापू, मान राखा’ म्हणत पिण्याचा आग्रह करतात, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघून नागपूरला नणंदेकडे जातो, आणि हे संध्याकाळी तिथल्या सभेला जातात.