रिकामी पिकअप चिखलात का रुतते? – खडबडीत वाटेसाठी गाडी निवडण्याचे विज्ञान

चाकणच्या बाजारात पहाटे गेलात तर कांद्याबटाट्याने भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग दिसेल. खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागातून अशा कितीतरी गाड्या रोज खाली येतात. माल उतरवून त्या रिकाम्या परत निघतात. पावसाळ्यात मात्र काही अनुभवी चालक एक चमत्कारिक गोष्ट करतात. रिकाम्या हौद्यात, अगदी मागच्या बाजूला, ते वाळूची चार-सहा पोती टाकतात. डिझेल एवढे महाग असताना फुकटचे ओझे कशासाठी वाहायचे? विचारले तर उत्तर मिळते, "मोकळी गाडी चिखलात चढत नाही."

भरलेली गाडी चढते आणि हलकी गाडी चढत नाही, असे का व्हावे बरे? या कोड्याचा उलगडा केला की खडबडीत रस्त्यासाठी गाडी कशी निवडावी, हेही आपोआप समजेल.

घरच्या अंगणातला विषय

पिंपरी-चिंचवड परिसरातील मुलांना हा विषय परका नाही. आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. पण 'टेंपो' हा शब्द छोट्या मालवाहू गाडीचे नाव म्हणून मराठीत कायमचा राहिला. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ साली ४०७ ही हलकी मालमोटार आणली, १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली आणि २००५ मध्ये एस हा छोटा ट्रक. चाकणला आज महिंद्र, बजाज, फोक्सवागन अशा अनेक कंपन्यांचे कारखाने आहेत. वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी 'एआरएआय' ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, तर भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे.

मग आपणही थोडी तपासणी करू या. त्यासाठी लागेल फक्त वही, पेन्सिल आणि नववी-दहावीचे भौतिकशास्त्र.

पकड कोठून येते?

समजा, रिकाम्या पिकअपचे वस्तुमान १५०० किलो आहे. इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर ९०० किलोचा आणि मागच्या चाकांवर ६०० किलोचा भार येतो. गाडी ढकलण्याचे काम मात्र मागचीच चाके करतात. सोयीसाठी १ किलोचे वजन १० न्यूटन धरू.

चाक रस्त्याला किती जोराने मागे रेटू शकेल, हे घर्षणावर ठरते. ओल्या मातीवर घर्षणांक सुमारे ०.३ मानला, तर मागच्या चाकांची पकड ६००० × ०.३ = १८०० न्यूटन. जोर यापेक्षा जास्त लावला की चाक जागच्या जागी फिरू लागते.

आता १० मीटर जाताना १ मीटर वर नेणारा चढ घ्या. वजनाचा दहावा भाग, म्हणजे १५०० न्यूटन, गाडीला मागे ओढतो. शिवाय मऊ मातीत चाक रुतत जाते. या अडथळ्यासाठी वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ७५० न्यूटन धरू. एकूण गरज २२५० न्यूटनांची, पकड १८०० न्यूटनांची. गाडी अडकली!

आता हौद्यात १००० किलो बटाटा भरा. हौदा मागच्या आसाजवळ असल्याने यातला सुमारे ९०० किलोचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यांच्यावरचा भार झाला १५०० किलो आणि पकड झाली १५,००० × ०.३ = ४५०० न्यूटन. गरज किती? २५०० अधिक १२५०, म्हणजे ३७५० न्यूटन. गाडी चढली! वजनामुळे गरज वाढली हे खरे, पण पकड त्याहून अधिक वाढली. वाळूच्या पोत्यांचे रहस्य हेच.

मग गाडीची चारही चाके इंजिनाने फिरवली तर? तर रिकाम्या गाडीचे सगळे १५०० किलो वजन कामाला लागते आणि पकड पोत्यांशिवाय ४५०० न्यूटन होते. परंतु अशी गाडी महाग असते, तिची यंत्रणा वजनदार असते आणि दुरुस्तीची कामेही वाढतात. ज्यांची वाट वर्षातून थोडेच दिवस चिखलाची असते त्यांना पोती स्वस्त पडतात. ज्यांना चार महिने चिखलच तुडवायचा आहे त्यांचे गणित वेगळे.

येथे आणखी एक खोच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते, म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते. एक चाक निसरड्या चिखलात आणि दुसरे कोरड्या दगडावर असेल, तर चिखलातल्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच दगडावरच्या चाकालाही मिळतो! म्हणून काही गाड्यांत डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असते. गाडी घेताना ती आहे का, हे विचारावे.

इंजिनाचे मोठेपण कशात?

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक छापतात. घाटात मात्र विचारायचा आकडा टॉर्कचा, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या जोराचा. एक चढ सोडवून पाहू.

भरलेली २५०० किलोची गाडी, पाचास एक असा उभा कच्चा चढ. गरज ५००० अधिक १२५०, म्हणजे ६२५० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर असेल, तर चाकांपाशी ६२५० × ०.३२ = २००० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. एवढा टॉर्क इंजिन एकटे देत नाही. गिअर तो वाढवतात. पहिला गिअर ४ पट आणि मागच्या आसातील दाते ४.५ पट, मिळून १८ पट. दात्यांच्या घर्षणात १० टक्के जातात असे धरले, तर इंजिनाने सुमारे १२३ न्यूटन-मीटर द्यायला हवेत. दुसऱ्या गिअरमध्ये, तो २.२५ पट असेल तर, हीच गरज सुमारे २२० होते. चालक घाटाच्या पायथ्याशीच पहिला गिअर का टाकतो, ते लक्षात आले ना?

हा टॉर्क कमी फेऱ्यांनाच मिळायला हवा. कारण चढावर गाडी हळू चालते आणि इंजिनाला वेग घ्यायला सवड नसते. डिझेल इंजिन येथे उपयोगी पडते. म्हणून माहितीपत्रकात 'सर्वाधिक टॉर्क किती' याबरोबर 'तो किती फेऱ्यांना' हेही वाचावे.

याच गाडीत आणखी १००० किलो माल कोंबला, तर पहिल्या गिअरमधील गरज १२३ वरून १७३ न्यूटन-मीटर होते. इंजिन तेवढा टॉर्क देऊ शकले नाही तर गाडी चढावर थांबते, आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो.

हे केवळ वहीतले गणित नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी याच खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या स्त्रियांनी भरलेली एक पिकअप चढणीच्या रस्त्यावरून खाली कोसळली आणि अनेकजणींचा जीव गेला. त्या अपघाताची कारणे ठरवणे तपास करणाऱ्यांचे काम. पण एक गोष्ट विज्ञान कोणत्याही अपघाताआधीच सांगते: हौद्यात उभी असलेली माणसे म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य उंच नेणारा आणि प्रत्येक वळणावर सरकणारा भार. पोते जागेवर राहते, माणूस राहत नाही. पिकअप मालासाठी आहे. आपल्या गावात हे सांगायला तुम्ही लाजू नका.

पाटे, चॅसिस आणि पोटाखालची जागा

पिकअपच्या मागच्या चाकांवर वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसते. तिला कारागीर 'पाटे' म्हणतात. पाटे भाराने जितके दबतात, त्यावरून गाडी दर सेकंदाला किती हिसके खाईल ते काढता येते: दबणे सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा. रिकाम्या गाडीने पाटे ३ सेंटिमीटर दबत असतील, तर उत्तर सुमारे २.९. भरल्यावर ७.५ सेंटिमीटर दबले, तर सुमारे १.८. रिकामी पिकअप हाडे खिळखिळी करते आणि भरलेली संथ डुलत जाते, ती यामुळे. फार मऊ पाटे आरामाचे, पण ओझ्याखाली टेकणारे; फार कडक पाटे ओझ्याला बरे, पण टोमॅटोचा रस्सा करणारे. आपण नेहमी किती माल नेणार, यावर निवड करावी.

आता गाडी बाजूने पाहा. केबिन आणि हौदा यांमध्ये बोटभर फट असते. ती कशासाठी? खड्ड्यात एक चाक खाली आणि दुसरे वर गेले की शिडीसारखी चॅसिस थोडी पिळते. फट नसती तर पत्रे एकमेकांवर घासले असते. ही पीळ उपयोगीच आहे; तिच्यामुळे चारही चाके जमिनीला धरून राहतात.

पोटाखालची जागाही मोजा. मागचा आस अखंड असेल तर मधला डिफरन्शियलचा गोळा सर्वांत खाली लोंबतो. माल भरला तरी त्याची उंची फारशी बदलत नाही, कारण तो पाट्यांच्या खाली, चाकांबरोबरच असतो. तेवढी उंची आपल्या वाटेवरच्या दगडांपेक्षा जास्त हवी. दोन आसांमधील अंतर फार लांब असेल, तर उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते.

भरवशाची म्हणजे काय?

समजा, गाडीत महत्त्वाचे १०० भाग आहेत आणि त्यांपैकी एकही बिघडला तर गाडी थांबते. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला छान वाटते! पण सगळे टिकण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरदा गुणाकार, आणि तो येतो फक्त ३७ टक्के. प्रत्येक भाग ९९.९ टक्के भरवशाचा केला, तर हीच शक्यता ९० टक्के होते. म्हणून कारखान्यात एकेका भागावर एवढे कष्ट घेतात. अहिल्यानगरजवळच्या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेत आणि मध्य प्रदेशातील पिथमपूरच्या चाचणी मार्गांवर मुद्दाम वाईट केलेल्या रस्त्यांवरून गाड्या पुन्हा पुन्हा पळवतात, त्यामागेही हाच विचार आहे. वारंवार वाकवलेले पोलाद एका हिसक्याने न मोडता थकून मोडते. अतिभार या थकण्याला फार लवकर बोलावतो.

आणि बिघाड झालाच, तर गाडी किती दिवस बंद राहील? सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो का? जवळच्या मिस्त्रीला ते इंजिन ठाऊक आहे का? १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ झाला, पण त्यांत संवेदक आणि धूर गाळणारी यंत्रणा आली. ती तपासण्याची साधने कोठे आहेत, हे आधी पाहावे. दूरच्या वाडीत राहणाऱ्याला बिघाड वर्षातून किती वेळा होतो याइतकेच तो किती तासांत निघतो, हेही महत्त्वाचे. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला वाडीत तेवढी एकच गाडी असू शकते.

तेव्हा 'सर्वांत चांगली पिकअप कोणती?' असे कोणी विचारले, तर कंपनीचे नाव सांगू नका. उलट विचारा: वाट कशी? चढ किती? माल किती? पावसाचे महिने किती? मिस्त्री किती लांब? उत्तरे मिळाली की गाडी आपोआप ठरते.

करून पाहा

१. जाड कागदाच्या दोन सारख्या नळ्या करा. एक कडेने पूर्ण चिकटवा, दुसरी उभी चीर ठेवून तशीच उघडी ठेवा. दोन्ही हातांनी पिळा. कोणती सहज पिळते? उघड्या पोलादी पट्टीची चॅसिस पिळते का, याचे उत्तर मिळेल.

२. प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध वाकवा. मग त्या टोकांना घट्ट बांधून पुन्हा वाकवा. फरक का पडला?

३. वरच्या उदाहरणातील रिकाम्या गाडीत नेमक्या मागच्या आसावर २०० किलो वाळू ठेवली, तर ती दहास एक असा ओला चढ चढेल का? नसेल, तर किमान किती वाळू लागेल? आकडेमोड करून शिक्षकांना दाखवा.